परतीच्या कॉलवर पहारा कुठे आहे? मिस्ड कॉलची फसवणूक आणि कंपन्यांचं ‘स्पॅम संरक्षण’

आधी निकाल सांगून टाकू. एअरटेल, जिओ, व्हीआय आणि बीएसएनएल यांनी २०२४पासून स्पॅमविरोधी म्हणून ज्या सेवा आणल्या किंवा जाहीर केल्या, त्या कर्ज, प्लॉट आणि शेअर टिप्स विकणाऱ्यांना ओळखायला बऱ्या आहेत, काही तर चांगल्या आहेत. पण परदेशी नंबरवरून एक रिंग देऊन कट करायची आणि समोरच्याने उलट फोन लावायची वाट बघायची, या फसवणुकीपुढे त्या अर्धवट पडतात. कंपन्यांचं सगळं लक्ष येणाऱ्या कॉलवर असतं आणि पैसे जातात ते आपण परत लावलेल्या कॉलवर.

हा धंदा चालतो कसा, हे कळल्याशिवाय सेवेला गुण देता येत नाहीत. याला जगभर ‘वानगिरी’ या जपानी नावाने ओळखतात. फसवणारा आधी एखाद्या महागड्या देशाच्या नंबरांची मालिका भाड्याने घेतो. त्या नंबरांवर जितकी मिनिटं कॉल चालेल, तितका वाटा त्याला मिळतो. मग इंटरनेटवरून कॉल टाकणारा डायलर लावतो, कॉलर आयडी म्हणून त्याच मालिकेतला नंबर भरतो आणि हजारो मोबाईलवर रिंगा सोडतो. ‘पलीकडे घंटी वाजतेय’ हा संकेत आला, की डायलर सेकंदा-दीड सेकंदात कॉल रद्द करतो. न उचललेल्या कॉलचे पैसे कंपन्या एकमेकांना देत नाहीत, त्यामुळे लाखभर रिंगांचा खर्च जवळपास शून्य. शंभरात एकाने परत फोन लावला तरी पुरतं.

परत लावणाऱ्याचं काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. पलीकडून कॉल लगेच उचलला जातो आणि मीटर पळायला लागतं, पण कानावर येते ती ध्वनिमुद्रित रिंग. माणसाला वाटतं अजून कुणी उचललेलं नाही, म्हणून तो धरून बसतो. कधी गाणं वाजतं, कधी ‘कृपया थांबा’. ओळखायची खूण एकच: कानात ट्रिंग-ट्रिंग चालू आहे आणि स्क्रीनवर मात्र ००:०१, ००:०२ असं घड्याळ सुरू झालंय, तर तो कॉल उचललेला आहे. तिथेच कट करायचा.

पैसे तुमच्या कंपनीकडून आंतरराष्ट्रीय वाहकाकडे (देशादेशांत कॉल पोहोचवणाऱ्या कंपनीकडे), तिथून पुढच्या वाहकाकडे, मग नंबर भाड्याने देणाऱ्याकडे आणि शेवटी फसवणाऱ्याकडे जातात. बऱ्याचदा कॉल त्या देशात पोहोचतही नाही. मधलाच एखादा वाहक तो स्वतःकडे वळवून उत्तर देतो. त्यामुळे +२२२ दिसला म्हणजे मॉरिटानियात कुणी चोर बसलाय, असं समजायचं कारण नाही. मे २०१९मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, एफसीसीने, याच २२२बद्दल इशारा दिला होता. ट्युनिशिया (२१६), बेलारूस (३७५), लॅटव्हिया (३७१), सिएरा लिओन (२३२) हेही या यादीतले जुने गडी. त्या देशांतल्या सामान्य माणसाचा यात काही दोष नाही. तिथल्या कॉलचा दर चढा असतो, म्हणून नंबर तिथले.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. नुसता मिस्ड कॉल आल्याने फोन ‘हॅक’ होत नाही आणि परत लावल्याने बँक खातं रिकामं होत नाही. जातात ते मेन बॅलन्समधले किंवा पोस्टपेड बिलातले पैसे.

आता कंपनीला हे दिसतं कसं? प्रत्येक कॉलची नोंद तिच्याकडे असतेच: कुठल्या नंबरवरून, कुठल्या नंबरवर, कुठल्या वाहकाच्या ट्रंकवरून (म्हणजे जोडणीवरून), किती वेळ वाजला, उचलला की नाही, कुणी कट केला. खरा मिस्ड कॉल साधारण वीस-तीस सेकंद वाजून संपतो. फसवणुकीचा कॉल तीन सेकंदांच्या आत आणि प्रत्येक वेळी कॉल करणाऱ्याच्या बाजूनेच तुटतो. समजा, एका मालिकेवरून तासाभरात वीस हजार वेगवेगळ्या ग्राहकांना रिंग गेली, उचलले गेलेले कॉल जवळपास शून्य आणि रिंगचा वेळ सगळीकडे सारखाच. इथे एआयची गरजही नाही, साध्या गाळणीत हे सापडतं. आणखी एक खूण म्हणजे मेलेले नंबर. डायलर आकडे ओळीने फिरवत जातो, त्यामुळे कुणालाच न दिलेल्या नंबरांवरही तो जाऊन आदळतो. ‘हा नंबर अस्तित्वात नाही’ या उत्तरांचं प्रमाण एकाएकी वाढलं, की समजायचं. चांगली कंपनी तर असे न विकलेले काही नंबर मुद्दाम सापळा म्हणून जिवंत ठेवते. ज्या नंबरची कुणालाच ओळख नाही, त्याला फोन करणारा नातेवाईक कसा असेल?

आपल्याकडच्या नियमांतही हे शहाणपण आलेलं आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०२५मध्ये नको असलेल्या व्यावसायिक कॉलच्या नियमांत दुरुस्ती केली. अवाजवी संख्येने जाणारे कॉल, अत्यल्प कालावधी आणि जाणाऱ्यांच्या मानाने येणारे कॉल अगदीच कमी, या खुणांवरून कंपन्यांनी नंबर हेरावेत, असं त्यात आहे. मात्र हे माप देशातल्या सिमसाठी बसतं. परदेशी नंबरवर एकूण किती कॉल येतात, हे भारतातल्या कंपनीला दिसणारच नाही, तिला फक्त स्वतःच्या ग्राहकांपर्यंत आलेला तुकडा दिसतो. लाख रिंगा चार कंपन्यांत वाटल्या गेल्या, की प्रत्येकीच्या तुकड्यात त्या तितक्या भयंकर वाटत नाहीत. चौघींनी संशयित मालिका एकमेकींना तासाभरात कळवल्या तरच याचा उपयोग, दुसऱ्या दिवशीच्या ई-मेलला अर्थ नाही. तोवर मालिका बदललेली असते.

मालिकेचा मुद्दा महत्त्वाचा, कारण इथेच बहुतेक अ‍ॅप आणि ब्लॉकलिस्टा आपटतात. डायलर प्रत्येक रिंगला शेवटचे तीन-चार आकडे बदलतो. तुम्ही एक नंबर ब्लॉक केलात, तर उद्या त्याचा शेजारी येईल. ट्रूकॉलरसारखं अ‍ॅप लोकांच्या तक्रारींवर चालतं. जो नंबर दहा मिनिटंच वापरला गेला, त्याच्यावर तक्रारी साचणार कधी? म्हणून अडवायचं तर सुरुवातीचे सात-आठ आकडे धरून, किंवा ज्या वाहकाच्या ट्रंकवरून हा कचरा येतो त्याचा गळा धरून. हे काम कंपनीलाच जमेल, ग्राहकाला नाही.

आता एकेक सेवा.

सरकारी बंदोबस्त सगळ्यात जोरकस आहे, पण तो वेगळ्याच रोगावर आहे. २२ ऑक्टोबर २०२४ला दूरसंचार विभागाने परदेशातून भारतीय नंबरचा मुखवटा लावून येणारे कॉल अडवणारी यंत्रणा सुरू केली. परदेशातून +९१ नंबर दाखवत कॉल आला, की तो ग्राहक खरोखरच रोमिंगवर बाहेर आहे का, हे मध्यवर्ती यंत्रणेकडून तपासलं जातं. नसेल तर कॉल तिथेच मरतो. पहिल्या २४ तासांत असे सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेल्याचं विभागाने सांगितलं, म्हणजे भारतीय नंबर दाखवत आलेल्या परदेशी कॉलपैकी ९० टक्के. कामगिरी दमदार, वाद नाही. पण मिस्ड कॉलवाल्याला मुखवटा नकोच असतो. त्याला स्वतःचा परदेशी नंबर तुमच्या स्क्रीनवर दिसायला हवा असतो, नाहीतर तुम्ही परत लावणार कुठे? हे दार बंद झाल्यावर ठकसेन परदेशी नंबरांकडे वळले, तेव्हा विभागाने कंपन्यांना बाहेरून आलेल्या कॉलवर ‘इंटरनॅशनल कॉल’ अशी पाटी दाखवायला सांगितलं. पाटी उपयोगी आहे. +१ किंवा +२ने सुरू होणारा नंबर वेगळा आहे, हे प्रत्येकाच्या लक्षात येतंच असं नाही.

कॉल करणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या सीएनएपी सेवेकडून या बाबतीत अपेक्षा ठेवू नका. ते नाव सिम घेताना भरलेल्या अर्जातून येतं. परदेशी नंबरचा अर्ज आपल्या कंपन्यांकडे नाही, त्यामुळे नावही नाही.

एअरटेलने सप्टेंबर २०२४मध्ये स्पॅम ओळखणारी सेवा आणली. फुकट आहे, सुरू करावी लागत नाही, अ‍ॅप लागत नाही. कंपनीच्या म्हणण्यानुसार रोजचे २५० कोटी कॉल आणि १५० कोटी मेसेज तपासले जातात, एकेकाला २ मिलिसेकंद लागतात आणि शंका असेल तर ‘सस्पेक्टेड स्पॅम’ असं नंबरसोबत येतं. एप्रिल २०२५मध्ये यात परदेशी कॉल आले आणि दहा भारतीय भाषांत इशारा दाखवण्याची सोय झाली, त्यात मराठी आहे. भाषेची सोय अँड्रॉइडवरच. आईवडिलांच्या फोनसाठी हा मराठी इशारा खरंच मोलाचा, त्याबद्दल पैकीच्या पैकी.

पण एक रिंगच्या कॉलबाबत या पाटीची एक मूळची अडचण आहे. पाटी दिसते कॉल वाजत असताना. इथे कॉल वाजतो एक-दीड सेकंद, फोन खिशात किंवा देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला. माणूस फोन हातात घेतो तेव्हा समोर असतो कॉल लॉग, आणि तिथे पाटी टिकते की नुसता नंबर उरतो, हे हँडसेटच्या डायलरवर ठरतं. दुसरी अडचण म्हणजे वागणुकीवरून ओळख पटायला काही कॉल आधी व्हावे लागतात. नव्या मालिकेचे पहिले काहीशे ग्राहक बिनपाटीचेच जातात. येणाऱ्या कॉलच्या ओळखीला आम्ही १० पैकी ७ देऊ. त्याहून जास्त नाही.

जिओने जानेवारी २०२५मध्ये ग्राहकांना नेमका याच फसवणुकीबद्दल इशारा पाठवला: अनोळखी परदेशी मिस्ड कॉलला परत फोन लावू नका, मिनिटाला जबर दर लागू शकतो. सरळ भाषेतला इशारा, चांगलं काम. पण इशारा हा नेटवर्कवरचा उपाय नव्हे. व्हीआयने आधी स्पॅम मेसेजवर लेबल आणलं, मग कॉलकडे वळली. बीएसएनएलने नवा लोगो आणला त्याच दिवशी ‘स्पॅममुक्त नेटवर्क’ही जाहीर केलं, तो दिवस २२ ऑक्टोबर २०२४च, सरकारी यंत्रणा सुरू झाली तोच.

खरी परीक्षा आहे परतीच्या कॉलची, आणि तिथे सगळेच नापास. तांत्रिकदृष्ट्या हेच सगळ्यात सोपं आहे. १०:४२ला ग्राहकाला परदेशी नंबरवरून एका सेकंदाची रिंग आली, १०:४४ला त्याच ग्राहकाने त्याच नंबरला फोन लावला. दोन्ही नोंदी एकाच कंपनीच्या घरात. जुळवायच्या आणि कॉल पुढे सोडण्याआधी मराठीत ऐकवायचं: ‘या नंबरवरून तुम्हाला नुकताच मिस्ड कॉल आला होता. दर मिनिटाला अमुक रुपये. पुढे जायचं असल्यास १ दाबा.’ कॉल जोडला जाण्यापूर्वी वाजवलेल्या अशा सूचनेला मीटर लागत नाही. रिचार्ज संपल्याचं कळवायला कंपन्या हेच तंत्र रोज वापरतात. अनेक वेगवेगळे ग्राहक, ज्यांनी त्या देशात जन्मात फोन लावलेला नाही, तासाभरात एकाच मालिकेवर फोन लावतायत, हीसुद्धा तितकीच ठळक खूण. तरी चौघींच्या जाहिरातींत ही सोय कुठे दिसत नाही. परतीच्या कॉलची राखण: १० पैकी २, आणि ते दोनही आयएसडी, म्हणजे परदेशात कॉल लावायची सोय, बंद ठेवता येते म्हणून.

कंपनीचं यात काय जातं? आयएसडीचं मिनिट ही तिचीही कमाई, हे एक. पण ग्राहकाने बिल भरायला नकार दिला तरी पुढच्या वाहकाचं देणं तिच्या डोक्यावर राहतं. वाहकांच्या करारांत फसवणुकीच्या कॉलचे पैसे रोखून धरायची तरतूद असू शकते, पण त्यासाठी मुदतीत पुराव्यासकट कळवावं लागतं. वेळेत कळवलं तर फसवणाऱ्याचा हप्ताच बुडतो, जे कुठल्याही लेबलपेक्षा त्याला जास्त झोंबेल.

मग सगळ्या एक रिंगच्या कॉलना सरसकट अडवून का टाकत नाहीत? कारण आपल्याकडे मिस्ड कॉल ही एक भाषाच आहे. ‘पोहोचलो की रिंग देतो’ अजून चालतं. बँकेची शिल्लक मिस्ड कॉलवर कळते, २०११मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनाला पाठिंबाही लोकांनी मिस्ड कॉलने दिला. हे प्रवाह ओळखायला अवघड नाहीत: तिथे अनेक माणसं एका नंबरला रिंग देतात, फसवणुकीत एक मालिका अनेक माणसांना देते. शेतातला मोबाईल स्टार्टर जरा वेगळा. रात्री थ्री-फेज वीज आली, की शेतकरी घरबसल्या मोटरच्या सिमला मिस्ड कॉल देतो आणि पंप सुरू होतो. रोज, ठरावीक वेळी, न उचलला जाणारा छोटा कॉल. फक्त कालावधी बघणारी गाळणी असेल, तर ती ऐन उन्हाळ्यात उसाचं पाणी बंद करेल. किती वेगळ्या नंबरांना कॉल गेले, हे सोबत पाहिलं की हा घोळ होत नाही.

परदेशी बाजूलाही तसंच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले आणि गोव्यातले खलाशी जहाजावरून सॅटेलाइट फोन करतात तेव्हा +८७० किंवा +८८१ने सुरू होणारा नंबर येतो आणि लाइन पुष्कळदा एका रिंगेतच तुटते. हेच कोड महागडे म्हणून फसवणुकीलाही वापरले जातात. अख्खा कोड बंद केला तर घरच्यांचा जीव टांगणीला. अशा घरांनी ठरवूनच टाकावं: परत फोन लावायचा नाही, तो पुन्हा करेल.

सगळ्यात जास्त धोका कुणाला, याचं उत्तर कदाचित अनपेक्षित वाटेल. अनलिमिटेड पॅक टाकणाऱ्या प्रीपेडवाल्याचा मेन बॅलन्स बहुधा शून्य असतो, आणि त्या पॅकमध्ये आयएसडी नसतं. त्याचा परतीचा कॉल लागतच नाही. शिवाय प्रीपेडवर स्पष्ट संमतीशिवाय आयएसडी सुरू ठेवू नये, हे ट्रायने २०१२मध्येच कंपन्यांना बजावलं होतं. धोका आहे पोस्टपेडवाल्याला, त्यातही मुलं परदेशात म्हणून आयएसडी चालू ठेवलेल्या घरांना. अमेरिकेचा आणि अनेक कॅरिबियन बेटांचा कोड एकच, +१. पुढचे तीन आकडे ८७६ असतील तर तो जमैका, ४७३ ग्रेनाडा, २८४ ब्रिटिश व्हर्जिन बेटं, ६४९ टर्क्स आणि कैकोस, ८०९ डॉमिनिकन रिपब्लिक. पुण्यातल्या आजींना तो नातवाचाच नंबर वाटणार. अमेरिकेचा पॅक घेतलाय म्हणून निर्धास्त राहू नका. बिलाची यंत्रणा सुरुवातीचे जास्तीत जास्त आकडे जुळवून दर लावते, त्यामुळे ‘+१’चा स्वस्त दर ‘+१८७६’ला लागू होत नाही.

आणि मुलांशी बोलणं होतं ते बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर. मग आयएसडी बंद केल्याने काहीच अडत नाही. व्हॉट्सअ‍ॅप कॉल डेटावर चालतो आणि परदेशातून येणारे साधे कॉलही येत राहतात. बंद करायचे दोन मार्ग आहेत. फोनवरून *३३१*पिन# डायल केलं, की बाहेरदेशी जाणारे कॉल अडतात. *#३३१# ने स्थिती कळते, #३३१*पिन# ने बंदी उठते. पिन म्हणजे कॉल बारिंगचा पासवर्ड, सिमचा नव्हे. तो बहुधा ०००० किंवा १२३४ असतो. अंदाजाने पुन्हा पुन्हा टाकू नका, ही सोयच कुलूपबंद होते. ‘अवैध एमएमआय कोड’ असं आलं तर तुमच्या नेटवर्कवर किंवा हँडसेटवर हा कोड चालत नाही असं समजा आणि दुसरा मार्ग धरा: कस्टमर केअरला ‘आउटगोइंग आयएसडी बंद करा’ अशा नेमक्या शब्दांत सांगा. नुसतं ‘इंटरनॅशनल बंद करा’ म्हटलं, तर रोमिंग बंद होऊन आयएसडी तसंच राहू शकतं. बंद झाल्याचा मेसेज येईपर्यंत काम झालं असं धरू नका. या सोयीला १० पैकी ६. चार गुण कापले ते अ‍ॅपमध्ये पहिल्याच पानावर एक साधं बटण न दिल्याबद्दल.

तक्रारीची दारं वेगवेगळी आहेत. संशयित कॉल कळवायचा असेल, पैसे गेलेले नसतील, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरचं ‘चक्षू’ हे तक्रारीचं दालन. मार्च २०२४पासून ते पोर्टलवर आहे, जानेवारी २०२५पासून अ‍ॅपवरही. डिसेंबर २०२५मध्ये हे अ‍ॅप नव्या फोनवर सक्तीने टाकायचा आदेश गाजला आणि मागेही घेतला गेला. त्या गदारोळात पोर्टल ब्राउझरवरही चालतं, हे बरेच जण विसरले. परदेशी कॉल भारतीय नंबर दाखवत आला तर त्यासाठी तिथेच वेगळा पर्याय आहे. पैसे गेले असतील तर चक्षूचा उपयोग नाही, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा.

बिलात अशा कॉलची रक्कम आली, तर कंपनीच्या १९८ या तक्रारीच्या नंबरवर तक्रार नोंदवून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. सोबत तपशीलवार बिल मागवा आणि कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जपा, ज्यात आधी आलेली एका सेकंदाची रिंग आणि नंतर तुम्ही लावलेला कॉल एकाखाली एक दिसतात. ‘मी कॉल केलाच नाही’ असं म्हणू नका, कंपनीकडे नोंद आहे. ‘उचललेल्या कॉलवर बनावट रिंग ऐकवली गेली’ असं लिहा. हा मुद्दा मग कंपनीला तिच्या वाहकाकडे नेता येतो. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. त्याला पैसे पडत नाहीत आणि निकालाची मुदत ३९ दिवसांची आहे.